नववी बादली

अण्णा, काल मी माझ्या नवव्या बादलीतली बिअर ग्लासात ओतली आणि तिला कुठलाही चुकीचा वास आला नाही. नेल पॉलिश रिमूव्हरचा नाही, ओल्या पुठ्ठ्याचा नाही, दवाखान्याचा नाही. नुसता भाजलेल्या धान्याचा, आणि मागून थोडा संत्र्याच्या सालीसारखा. हे कुणाला तरी सांगावं असं वाटलं आणि पहिल्यांदा तुम्हीच आठवलात, याचाच मला संताप आला. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. तुम्ही असताना मी तुम्हाला जी पत्रं लिहिली ती सगळी शिस्तीतली होती, वर तीर्थरूप आणि खाली साष्टांग नमस्कार. हे तसलं नाही. यात नमस्कार नाही.

तुम्ही म्हणाल, बिअर? माझ्या मुलीने? हो, तुमच्या मुलीने, एक्कावन्नाव्या वर्षी, टेक्सासमध्ये, घराच्या गॅरेजमध्ये. साखर कारखान्याच्या कॉलनीतून निघून मी येऊन पोहोचले ती शुगर लँड नावाच्या गावाला, हा विनोद इथल्या मराठी मंडळात मी इतक्यांदा सांगितलाय की आता मलाच तो ऐकवत नाही. ऑफिसात डिसेंबरमध्ये गिफ्ट एक्स्चेंज असतं, चिठ्ठ्या टाकून कुणाला काय येईल ते येतं. मला बिअर बनवायचं किट आलं. एक झाकणाची मोठी बादली, रबरी नळी, आणि एका पाकिटात यीस्ट. सगळे हसले. एकाने तर लगेच त्याला आलेले कॉफीचे मग पुढे केले. "तू पीत नाहीस ना? घे, बदलून घे." तोवर मी खरोखरच पीत नव्हते. पण मी ते किट छातीशी धरलं आणि म्हटलं, नाही, हे माझं आहे. का म्हटलं ते तेव्हा मला कळलं नाही. डब्यातलं माल्टचं सिरप मी घरी येऊन उघडलं, ते काळपट, घट्ट, चमच्यावरून सावकाश उतरणारं, थेट उसाच्या मळीसारखं. त्या वासाबरोबर तुम्ही आलात. संध्याकाळी कारखान्याच्या डिस्टिलरीतून घरी येऊन, आधी मागच्या दारी अंघोळ करून, मग स्वयंपाकघरात पाटावर बसणारे तुम्ही. कितीही साबण लावलात तरी तुमच्या मनगटांना मळीचा वास राहायचा. आयुष्यभर दारू तयार केलीत आणि थेंबही जिभेला लावला नाहीत, याचं कॉलनीत केवढं कौतुक होतं!

ते किट मी सहा महिने कपाटात ठेवलं. लेक ऑस्टिनला कॉलेजात असते, ती जूनमध्ये सुट्टीला आली, तेव्हा तिच्यासमोर मोठेपणा दाखवायला म्हणून पहिली बादली लावली. पाणी उकळलं, सिरप ढवळलं, हॉप्स टाकले, ही एक कडू फुलं असतात, त्यांनी बिअरला कडवटपणा येतो. मग गार केलं, यीस्ट टाकलं, झाकण लावलं. नवरा म्हणाला, "अगं यार, हे घरात नको, गॅरेजमध्ये ठेव." म्हणून गॅरेजमध्ये ठेवलं. टेक्सासचा जून, अण्णा. गॅरेजचं दार उघडलं की तोंडावर वाफेचा टॉवेल टाकल्यासारखं होतं. दोन दिवस बादली नुसती धडधडत होती आणि मी खूश, की काय जोरात चाललंय! तीन आठवड्यांनी बाटली उघडली तर लेक नाक धरून म्हणाली, "आई, इट स्मेल्स लाइक नेल पॉलिश रिमूव्हर." आणि तसाच वास होता.

उकाड्यात यीस्ट बेफाम होतं, आणि बेफाम झालं की नको ते तयार करतं. हे मला इंटरनेटवर वाचून कळलं. तुम्हाला हे झोपेत माहीत होतं. मला आठवतंय, हंगामात एकदा तुम्ही जेवता जेवता उठून गेला होतात, कारण गडी सांगत आला की टाकी तापली. आई म्हणाली, ताट तरी संपवा. तुम्ही म्हणालात, "टाकी तापली म्हणजे दोन दिवसांची मळी गेली." एवढंच. मी दहा वर्षांची, शेजारच्या पाटावर. मी विचारलं, टाकी का तापते? तुम्ही चप्पल घालत म्हणालात, "तू जेव." माझ्या सगळ्या प्रश्नांना तुमचं हेच उत्तर असायचं. तू जेव. तू अभ्यास कर. तू आईला मदत कर.

दुसरी बादली मी पाहुण्यांच्या बाथरूममध्ये एसीत ठेवली. ती आंबट झाली, वर पांढरट साय धरली. आमच्याकडून पंधरा मैलांवर बिअर बनवण्याचं सामान विकणारं एक दुकान आहे, त्याची मालकीण पन्नाशीची, हातावर हॉप्सची वेल गोंदवलेली. तिने एक घोट घेऊन बेसिनमध्ये थुंकला आणि म्हणाली की तुला बिअर करता येत नाही असं नाही, तुला भांडी घासता येत नाहीत. मला, अण्णा! जिचं निम्मं बालपण कारखान्याच्या नळावर भांडी घासण्यात गेलं तिला! मी तणतणत घरी आले, बादलीची तोटी पान्याने काढली, आणि तिच्या आतल्या आट्यांमध्ये पिवळा चिकट थर होता. बाई बरोबर बोलत होती. वरून घासलेलं स्वच्छ नसतं, आतून उघडून पाहावं लागतं. ती तोटी हातात धरून मी बाथरूमच्या फरशीवर बसले होते आणि मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. इडलीचं पीठ बिघडलं की तुम्ही पातेल्यावर नाक नेऊन एका शब्दात निकाल द्यायचात. "भांडं ओलं होतं." किंवा, "कालच्या पळीने ढवळलंय." आई ओशाळी व्हायची. तुमचं कधी चुकलं नाही. पण ओल्या भांड्याने काय होतं, पळीतून काय जातं, हे तुम्ही कधी तिला सांगितलं नाहीत, मलाही नाही. निकाल तेवढा द्यायचा आणि वर्तमानपत्र उघडायचं. अख्खी डिस्टिलरी चालवण्याइतकं ज्ञान घरात होतं आणि आम्हाला त्यातून मिळाली ती फक्त चूक.

तिसऱ्या वेळी मी घाई केली. बिअरमधली साखर अजून पुरती संपली नव्हती तेव्हाच बाटल्या भरल्या, आणि एका दुपारी ऑफिसच्या कॉलवर असताना पॅन्ट्रीतून बंदुकीच्या गोळीसारखे आवाज आले. सहा बाटल्या फुटल्या. तांदळाच्या पिशवीत काचा, भिंतीवर फेस. नवरा म्हणाला, "आता पुरे कर ना. तुला काय सिद्ध करायचंय?" लेक म्हणाली, "आई, जस्ट ड्रॉप इट." मी रागारागाने काचा वेचत होते. बाटल्यांचा राग नव्हता तो. हायड्रोमीटर नावाची काचेची कांडी असते, बिअरमध्ये तरंगत सोडायची, किती साखर उरलीय ते ती सांगते. ती किटमध्ये होती. ती कशी वाचायची हेच मला नीट माहीत नव्हतं, म्हणून मी ती वापरलीच नाही. आणि हीच कांडी मी तुमच्या हातात शंभर वेळा पाहिली होती.

शेवटची पाहिली ती मी बारा वर्षांची असताना. आईला ताप होता, म्हणून डबा घेऊन मी डिस्टिलरीत आले. तुम्ही टाक्यांच्या वरच्या फळीवर उभे होतात, हातात उंच नळकांडं, त्यात ती कांडी, आणि तुम्ही ती डोळ्यांच्या रेषेत धरून बघत होतात. मला तुम्ही फार सुंदर दिसलात. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. खाली टाकीत आंबणाऱ्या मळीचा तपकिरी फेस सावकाश फुगत होता, फुटत होता, आणि मी काठाला धरून वाकले, वास घ्यायला, तुम्ही घेता तसा. पुढचं मला आवाजासकट आठवतं. दंडाला हिसका, मग गालावर थप्पड, डबा फळीवरून खाली. आठ-दहा माणसं बघत होती. "ही काय मुलींनी यायची जागा आहे? परत इथे दिसलीस तर तंगडी मोडीन." मी कॉलनीपर्यंत रडत चालत आले, ओढणीला आमटी लागलेली. त्यानंतर मी त्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. दादाला मात्र दर रविवारी नेत होतात. तो परत येऊन उलट्या करायचा, त्याला तो वास सोसायचा नाही. आता तो विमा विकतो.

चौथ्या बादलीच्या आधी मी जुना फ्रिज विकत घेतला आणि त्याला तापमान ठरवणारं बटण जोडलं. उकाड्याने आधी माझं वाटोळं केलं होतं, म्हणून या वेळी चांगलंच थंड ठेवलं. पाच दिवस काहीच झालं नाही. फेस नाही, बुडबुडा नाही, कांडी होती तिथेच. बघावं म्हणून झाकण काढलं, तोंड बादलीत घालून जोरात श्वास घेतला आणि नाकात कुणी सुया खुपसल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणी, डोकं गरगरलं, मी फ्रिजचं दार धरून मागे झाले. थोडंसंच काय ते चाललं होतं, तरी त्याचा गॅस, कार्बन डायऑक्साइड, बंद झाकणाखाली साठून बसला होता. एका बादलीत एवढा. मग त्या टाकीत किती असेल? तेव्हा, त्या गॅरेजमध्ये, एकोणचाळीस वर्षांनी मला त्या थपडेचं कारण कळलं. माझ्या तोंडाखाली काय होतं ते कळलं. कुणाला वाटेल की इथे माझा राग विरघळला. नाही, अण्णा. उलट तिथेच तो खरा पेटला. एक वाक्य होतं हो. खाली गॅस असतो, वाकू नकोस. थप्पड मारायला लागला त्याहून कमी वेळ लागला असता. मी बारा वर्षांची होते, मला कळलं असतं. तुम्ही त्याऐवजी मला सांगितलंत की मी मुलगी आहे.

बादली काही चालेना. दुकानातली बाई म्हणाली, फेकून दे, नवी लाव. मला ते फेकवेना. मग मला तुमच्या लॅबमधले काका आठवले, तुमचे असिस्टंट, जे यीस्टच्या काचेच्या चंबूंना कापडात गुंडाळून तान्ह्या मुलासारखं टाकीपर्यंत न्यायचे. दादाकडून त्यांचा नंबर मिळवला. शनिवारी सकाळी इथून व्हिडिओ कॉल लावला, तिथे संध्याकाळ. ऐंशीच्या पुढचे आहेत, नात फोन धरून बसली होती. आधी त्यांना विश्वासच बसेना. "बिअर? तू? साहेबांची लेक?" आणि मग असे हसले की खोकला लागला. मी सगळं सांगितलं, तापमान, दिवस, कांडीचा आकडा. त्यांनी मला तीनच प्रश्न विचारले. मग म्हणाले, "पोरी, उन्हाला भिऊन तू लई गार केलंस. ते मेलं न्हाई, झोपलंय. जरा ऊब दे. हलक्या हातानं बादली हलीव, झाकण काढू नको. दोन दिसात उठतंय का न्हाई बघ." कुणी तरी पहिल्यांदा माझ्याशी या विषयावर असं बोललं, की जणू मला कळणारच आहे. मी म्हटलं, काका, मला हे तेव्हाच शिकायचं होतं.

"व्हय की," ते म्हणाले. "तू पुण्याला त्या कोर्सला जाणार व्हतीस. साहेबांनी ते पत्र ठिवून घेतलं नसतं तर..."

मी विचारलं, कुठलं पत्र?

नातीने फोन हलवला, मला वाटलं कॉल गेला. मग ते हळूच म्हणाले, "म्हंजे तुला म्हाईतच न्हाई?"

आता तुम्ही ऐका, कारण मला ते ऐकावं लागलं. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. पुण्याजवळच्या एका संस्थेचा अल्कोहोल टेक्नॉलॉजीचा कोर्स होता, मी अर्ज भरला. घाबरत तुमच्यासमोर ठेवला, आणि तुम्ही दोनदा वाचून त्यावर पालकाची सही केलीत. म्हणालात, "भर. बघू." त्या दोन शब्दांवर मी चार महिने हवेत होते. कॉलनीचं सगळं टपाल कारखान्याच्या ऑफिसात यायचं. जूनभर मी रोज विचारायचे, अण्णा, काही आलं? तुम्ही मान हलवायचात. शेवटी जुलैत एके दिवशी तुम्ही जेवताना, आमटीत बघत म्हणालात, "त्यांना मुली नको असतील." आणि पुढच्या आठवड्यात मला सोनेरी टोपणाचं पेन आणून दिलंत, आणि सांगलीच्या कॉम्प्युटर क्लासात नाव घातलंत. "ऑफिसात बसून काम. हात खराब व्हायचे नाहीत." मी त्या पेनासाठी तुमच्या पाया पडले होते!

मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. काकांनी ते तुमच्या टेबलावर पाहिलं होतं. तुम्ही ते लॅबच्या खणात टाकलंत आणि खण लावून घेतलात. काकांनी विचारलं, साहेब, पोरीला देत नाही? तर तुम्ही म्हणालात, "तिला काय त्या टाकीच्या काठावर उभी करू?" कारण मधल्या एप्रिलमध्ये टाकी धुवायला उतरलेला एक माणूस वर आलाच नव्हता. आम्हाला कॉलनीत सांगितलं होतं, हार्ट ॲटॅक. त्याची बायको पुढे गेस्ट हाऊसच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायची, मी तिला रोज बघायचे. ॲटॅक नव्हता, अण्णा. तळाशी गॅस होता. टाकी रिकामी आहे, मोकळी आहे, उतरायला हरकत नाही, या कागदावर सही तुमची होती. "तवापासनं साहेबांची झोप गेली ती गेलीच," काका म्हणाले. "तू त्यांच्यावर राग धरू नको पोरी. भ्यालं व्हतं माणूस."

भ्यालं होतं. मला कळतं. मला आठवतं की त्या एप्रिलमध्ये तुम्ही पाटावर बसून नुसता भात चिवडायचात. मला ते कळतं आणि तरीही मी सांगते, मी राग धरणार. एखाद्याचं कारण कळलं की त्याच्यावर रागवायचा हक्क जातो असं लोक समजतात. माझा गेलेला नाही. तुम्ही मला 'जाऊ नकोस' म्हणाला असतात तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित ऐकलंही असतं. 'मला भीती वाटते' म्हणाला असतात तर मी नक्की ऐकलं असतं. पण तुम्ही म्हणालात, त्यांना मुली नको असतील. तुमची भीती उचलून तुम्ही माझ्या मुलगी असण्यावर ठेवलीत. ज्या संस्थेने मला बोलावलं होतं, तिचा मी तीस वर्षं द्वेष केला. त्या एका वाक्याने मी माझं सगळं आयुष्य आखलं, अण्णा. जिथे आपण नकोसे असू तिथे अर्जच करायचा नाही, हा माझा नियम झाला. इथे ऑफिसात माझ्या डोक्यावरची जागा दोनदा रिकामी झाली. दोन्ही वेळा मी अर्ज केला नाही. दुसऱ्या वेळी ज्याला ती मिळाली त्याला काम मीच शिकवलं. बॉसने विचारलं, "तू का नाही अप्लाय केलंस?" मी म्हटलं, मला इंटरेस्ट नव्हता. आणि हे सगळं तुम्ही आमटीत बघत रचलेल्या एका वाक्यावर उभं होतं. त्या वर्षी एका बाईला तिच्या नवऱ्याच्या मरणाबद्दल खोटं सांगितलं गेलं, आणि तीन महिन्यांनी तुम्ही मला खोटं सांगितलंत. सराव झाला होता तुम्हाला.

आई चार वर्षांपूर्वी गेली. तिला माहीत होतं का, हे मला आता कधीच कळणार नाही. दादाला विचारलं तर तो म्हणाला, "सोड ना आता. अण्णांनी तुझ्या भल्यासाठीच केलं. बघ की, अमेरिकेत आहेस." मी फोन ठेवला. हे पत्र पाठवायला पत्ता नाही. असता तरी मी पाठवलं नसतं, कारण तुमच्याकडे आलेल्या पत्रांचं काय होतं ते मला आता ठाऊक आहे.

काकांच्या त्या कॉलनंतर आठवडाभर मी गॅरेजमध्ये गेलेच नाही. नवऱ्याने विचारलं तर त्याला सगळं सांगितलं, गाडीत, ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये, कोथिंबीर मांडीवर घेऊन. त्याने गाडी सुरू केली. मग म्हणाला, "घरी जाऊन ती बादली गरम करू या." आम्ही फ्रिजचं बटण वर केलं, त्याने जुनी रजई आणली, दोघांनी मिळून बादली हलकेच हलवली. तिसऱ्या दिवशी वरच्या नळीतून बुडबुडा आला. मग अजून एक. ती बिअर फार काही चांगली झाली नाही, पण मी ती सगळी संपवली.

पाचवीला दवाखान्याचा वास आला, ते नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे, त्यावर एक गोळी असते. सहावीला पुठ्ठ्याचा, कारण बाटल्यांत भरताना मी ती धबाधबा ओतली होती आणि तिला हवा लागली. दुकानातली बाई म्हणाली, दर वेळी नवी रेसिपी करू नकोस, एकच कर, आणि दर वेळी एकच गोष्ट बदल, म्हणजे काय चुकलं ते कळेल. म्हणून मी तीच बिअर पुन्हा पुन्हा केली. सातवी बेचव झाली, आठवी बरी. कांडी मी आता डोळ्यांच्या रेषेत धरून वाचते. वहीत तापमान लिहिते, तारीख लिहिते, वास लिहिते. चूक झाली तर कारणही लिहिते, नुसता निकाल नाही. लेक नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला आली तेव्हा बाटल्या धुताना तिने विचारलं, "व्हाय डू यू रिन्स इट सो मेनी टाइम्स?" मी हातातलं काम ठेवलं आणि तिला सगळं सांगितलं, वीस मिनिटं. ती कंटाळली. मी तरी सांगितलं.

काल दुपारी त्या दुकानाच्या मागच्या खोलीत घरी बिअर बनवणाऱ्यांच्या क्लबची बैठक होती. पंधरा-वीस माणसं, बहुतेक दाढीवाले, मी एकटीच कुर्त्यात. नवव्या बादलीतल्या बाटल्या घेऊन गेले होते. तिथे एक सत्तरीच्या बाई येतात, ह्यूस्टनच्या एका रिफायनरीच्या लॅबमध्ये त्यांनी अख्खी नोकरी काढली. त्या काळात तिथे त्या एकट्याच बाई, हे त्या सहज सांगतात, जसं कुणी आपल्या गावाचं नाव सांगावं. सगळे त्यांना घाबरतात, कारण त्या वास घेतात आणि तोंडावर खरं बोलतात. त्यांनी माझा ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले, पुन्हा एकदा वास घेतला. मला बीएस्सीच्या तोंडी परीक्षेला बसल्यासारखं झालं. मग एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "क्लीन. रिअली क्लीन." शेजारच्यांनी माझी पाठ थोपटली. मी मग त्यांच्यापुढच्या दुसऱ्या ग्लासातल्या, दुसऱ्या कुणाच्या तरी बिअरचा वास घेऊन सांगितलं की ही उकाड्यात आंबलीय, आणि बाटल्यांत भरताना तिला हवाही लागलीय. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हू टॉट यू?"

काका होते सांगायला. दुकानातली बाई समोरच उभी होती. त्याआधीच्या आठ बादल्या होत्या. मी म्हटलं, "माय फादर. ही रॅन अ डिस्टिलरी लॅब. ही टॉट मी एव्हरीथिंग." बाई म्हणाल्या, "लकी गर्ल."

तुम्ही मला काहीही शिकवलं नाहीत, अण्णा. मी घरी येईपर्यंत गाडीत स्वतःवर चिडत होते. पुढच्या बैठकीत जाऊन ते दुरुस्त करणार आहे, असं इथे लिहिणार होते, पण लिहीत नाही. कारण मी ते करणार नाही. 'माय फादर' असं म्हणताना मला फार बरं वाटलं.